केवळ नरांची टाकी

'गप्पी' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो परका आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लहानपणी आम्हा मुलांना वाटे, हा मासा एक तर फार गप्पा मारत असावा, नाही तर अगदीच गप्प बसत असावा. वस्तुतः ते एका माणसाचे आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी या त्रिनिदादमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रज गृहस्थाने तेथील ओढ्यांतील काही इवले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे धाडले आणि १८६६ साली आल्बर्ट ग्युंटर या मत्स्यतज्ज्ञाने त्या माशाला त्यांचे नाव दिले. पुढे ध्यानात आले की विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने काराकासहून आलेल्या नमुन्यांवरून १८५९ सालीच याच माशाचे वर्णन करून ठेवले होते. शास्त्राच्या नियमाप्रमाणे पीटर्स यांनी दिलेले पोसिलिया रेटिक्युलाटा हे नाव ग्राह्य ठरले. लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच राहिला.

महाराष्ट्रात हा मासा सर्वांना ठाऊक झाला तो भिंतींवरून. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' अशी रंगवलेली भिंत पाहिली नाही असा मराठी माणूस विरळा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात एखादा सिमेंटचा हौद असतो, त्यावर 'गप्पी मासे पैदास केंद्र' अशी पाटी असते आणि आतल्या हिरवट पाण्यात हे मासे शेकड्यांनी वळवळत असतात. डासांच्या अळ्या हे त्यांचे आवडते खाद्य. ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे आम्ही राहत होतो तेव्हा पावसाळ्याच्या सुमारास महापालिकेचा एक कर्मचारी प्लॅस्टिकच्या पिशवीतून गप्पी आणून चाळीमागच्या पडीक विहिरीत सोडून जाई. आम्ही पोरे त्याच्याभोवती कोंडाळे करत असू. पिशवीतील बहुतेक मासे राखी, फुगल्या पोटाचे, दिसायला अगदी सामान्य असत. त्या माद्या होत्या. हौदाला, विहिरीला, सरकारी योजनेला मादीच हवी असते. कारण योजनेचा सारा भर एकाचे शंभर होण्यावर असतो.

माजिवड्याच्या आमच्या सध्याच्या घरात मी गेले वर्षभर याच माशाची दुसरी गती पाहते आहे. इथे काचेची टाकी आहे आणि तीत गप्पींचे केवळ नर आहेत. ही टाकी पाहता पाहता जे विचार सुचत गेले ते इथे मांडायचे आहेत. ते माशांपासून बरेच दूर जातात. पण ज्या वाटेने गेले ती वाट टाकीतूनच निघते.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. तीत साधारण सत्तर लिटर पाणी मावते. मुलगा आठवीत गेला तेव्हा त्याच्या हट्टापायी ती घरात आली आणि दिवाणखान्याच्या भिंतीशी स्थिरावली. शेजारच्या खिडकीतून माजिवड्याचा नाका दिसतो : नाशिककडे जाणारा महामार्ग, घोडबंदरचा फाटा, उड्डाणपुलांची गुंतावळ आणि त्यांत आता मेट्रोचे खांब. बाहेर दिवसरात्र इतकी गती असल्यामुळे असेल, काचेआडच्या त्या संथ पाण्याकडे घरातले प्रत्येक माणूस येताजाता थबकू लागले.

नाक्यावरच्या दुकानदाराने सल्ला दिला होता, "मॅडम, गप्पीचे मेलच घ्या. कलर पण मिळेल आणि पिल्लांची कटकट नाही." या एका वाक्यात हौशी मत्स्यपालनाचे सारे अर्थशास्त्र आहे. रंग नराकडे असतो. इंच-सव्वा इंचाचा हा जीव आपल्या अंगाहून मोठे शेपूट पंख्यासारखे मिरवतो. निळे, पिवळे, शेंदरी, ठिपक्यांचे. मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट मोठी, पण फिकट. पिल्लांची कटकट म्हणावी तर तीही खरीच. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते. साधारण चार आठवड्यांनी एक वेत, एका वेळी वीस-तीस पिल्ले, कधी त्याहूनही अधिक. शिवाय मादी नराचे बीज शरीरात काही महिने साठवून ठेवू शकते. म्हणजे नराविना एकटी आणलेली मादीही महिन्यामागून महिने विणू शकते. दोन फुटी टाकीला हे झेपणारे नाही. तेव्हा शहरी घरांत केवळ नर ठेवण्याची पद्धत पडली, आणि ती तशी समंजसपणाचीच आहे.

नव्या टाकीत मासे एकदम भरायचे नसतात. त्यांच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया उतरतो; तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करायला चार-सहा आठवडे घेतात. म्हणून आम्ही प्रथम तीनच नर गप्पी आणले, पुढे तळाशी वाळूत तोंड खुपसून हिंडणारे चार कोरीडोरास, मग आठ निऑन टेट्रा आणि शेवटी आणखी चार गप्पी. ठाण्याच्या नळाला येणारे पाणी नदीचे, म्हणजे हलके. निऑनला ते मानवते, गप्पीला थोडे जड पाणी लागते. अशा मिश्र टाकीत सर्वांना थोडे थोडे सोसावे लागते. क्लोरीन जावा म्हणून पाणी रात्रभर बादलीत ठेवायचे, आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचे, दाणे दोन मिनिटांत संपतील इतकेच घालायचे. हे सारे मुलगा काटेकोरपणे करतो. पाहण्याचे काम माझे आणि माझ्या वडिलांचे.

पहिल्या दीड महिन्यात तीनच नर होते तेव्हा काय दिसले ते सांगते. गडद निळ्या शेपटीच्या नराने दाणे पडतात तो कोपरा धरला. तो दुसऱ्या, पिवळ्या नरामागे सारखा लागे. तिसरा तांबडा, तो मधल्या मध्ये असे. कधी निळ्यामागे फिरे, कधी संधी साधून तोही पिवळ्याला टोची. पिवळ्याची शेपूट कडेने विरल्यासारखी झाली. याहून विशेष म्हणजे, हे नर एकमेकांसमोर येऊन अंगाचा नागमोडी बाक करत आणि सगळे पर पसरून थरथरत. हे गप्पीचे प्रणयाराधन आहे. निसर्गात नर ते मादीसमोर करतो. मादीविना ठेवलेले नर ते एकमेकांपुढे करू लागतात, असे २००४ साली 'अ‍ॅनिमल बिहेविअर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदले आहे. त्यावर हसण्याचे किंवा त्यातून माणसांविषयी एकदम निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मला त्यात दिसली ती एक न थांबणारी शक्ती : ज्याच्यासाठी हे सारे आहे ते समोर नसले तरी देह आपले काम करीतच राहतो.

पुढे संख्या सातवर गेली आणि चित्र पालटले. निळा सहा जणांमागे धावू शकत नाही. पाठलाग विभागला गेला, कोणा एकावर त्याचा सगळा भार पडेनासा झाला. हे जाणत्या मत्स्यपालकांच्या अनुभवाचे आहे : दोन-तीन नर ठेवले तर एक जण हमखास बळी ठरतो, सहा-सातांच्या जमावात त्रास वाटला जातो. अर्थात वाटला जातो, नाहीसा होत नाही. निऑन आपल्या थव्यात असतात, कोरी तळाशी असतात. दोघांनाही या पुरुषी उद्योगाशी काही देणेघेणे नसते. पर कुरतडणारे टायगर बार्बसारखे मासे सोबत नसले की मिश्र टाकी बाहेरून तरी अगदी शांत दिसते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "किती शांत वाटतं नाही पाहून!"

आता रंगाविषयी. हा रंग आला कोठून, याचा अभ्यास जीवशास्त्रात गाजलेला आहे. गप्पीच्या नरावरील अनेक खुणा बापाकडून फक्त मुलाकडे जातात, हे डेन्मार्कमधील योहानेस श्मिट आणि ओईविंद विंगे या संशोधकांनी १९२० च्या सुमारास दाखवले. पुढे जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने त्रिनिदादचे ओढे पायाखाली घातले. त्यांना दिसले की जिथे गप्पी खाणारे मोठे मासे आहेत तिथे नर फिके आहेत, आणि जिथे असे शत्रू कमी तिथे रंगांची उधळण आहे. १९७६ साली त्यांनी शत्रूंच्या पाण्यातील गप्पी जवळजवळ निर्धोक अशा पाण्यात नेऊन सोडले. दोनेक वर्षांत, म्हणजे सुमारे पंधरा पिढ्यांत, तेथील नर अधिक रंगीत झालेले आढळले. हे काम १९८० साली प्रसिद्ध झाले. शत्रूचा धाक उठल्यावर नराला रंगवणारे कोण होते? मादी. ती झळाळत्या नराला, विशेषतः शेंदरी ठिपक्यांच्या नराला, कौल देते. अनोळखी नक्षीचा नर तिला अधिक भावतो, असेही अनेक प्रयोगांत दिसले आहे. रानातले दोन नर एकसारखे नसतात ते यामुळे.

म्हणजे आम्ही नाक्यावरच्या दुकानातून जो रंग विकत आणला तो अगणित माद्यांच्या निवडीतून घडलेला होता. माणसाने त्यावर आपली कलाकुसर केली, शेपट्या लांबवल्या, पण मुळाशी कौल तिचा आहे. त्या कौलाचे फळ आम्ही काचेत ठेवले आणि कौल देणारीला बाहेर ठेवले. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला यात एक ओळखीची गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातही अशा टाक्या पुष्कळ आहेत. पण मला इथे वाङ्मयाविषयी बोलायचे नाही. बोलायचे आहे ते माझ्या वडिलांविषयी.

अण्णा आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत. टाकी आली त्या आठवड्यात ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. बराच वेळ पाहून म्हणाले, "सगळं गडीच हायती व्हय ह्यात?"

"हो अण्णा. पिल्लं होऊ नयेत म्हणून."

"मग ही आमची लालबागची खोलीच की!"

अण्णा पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात घराच्या भिंती बसल्या आणि पुढच्या वर्षी ते विशीत मुंबईला आले, गिरणीत लागले. राहायला गावकऱ्यांची खोली होती. गिरणगावात अशा शेकडो खोल्या होत्या; एका गावच्या किंवा एका भागातल्या माणसांनी मिळून धरलेल्या. कोणी त्यांना बैठकीची खोली म्हणत, कोणी गाळा. दहा बाय बाराच्या त्या जागेत वीसेक जणांचे नाव लागलेले असे. सगळे एकदम आडवे होऊ शकत नसत. गिरणीच्या तीन पाळ्या होत्या म्हणून ते जमे. एक जण कामावर गेला की दुसरा त्याच्या जागी अंग टाकी. उरलेले गॅलरीत, जिन्याखाली, उन्हाळ्यात फुटपाथवर. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे फळीवरची एक पत्र्याची पेटी आणि भिंतीतला एक खिळा.

जेवण खाणावळीत. गावाकडचीच कुणी बाई आपल्या बिऱ्हाडात पंधरा-वीस जणांच्या भाकऱ्या थापत असे आणि महिन्याने पैसे घेत असे. नवऱ्याचा पगार पुरेना म्हणून चूल हाच व्यवसाय केलेल्या या हजारो स्त्रिया. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच स्त्रियांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी. पुरुषांच्या त्या वस्तीत स्त्री होती ती एवढीच : ताटाच्या पलीकडे, चुलीपाशी.

अण्णा त्या खोलीविषयी कडवटपणे बोलत नाहीत. तापाने फणफणलेल्याला सोबत्याने पाळी बुडवून दवाखान्यात नेल्याचे सांगतात. शनिवारचे भजन, निरक्षर सोबत्यांची पत्रे लिहून देणे, नव्या माणसाला गिरणीत चिकटवून देण्यासाठी मुकादमाकडे घातलेले खेटे, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. पण टाकीतला पिवळा पाहिल्यावर त्यांनी आजवर कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. खोलीत सर्वांत धाकटा जो येई त्याच्याकडे पहाटे उठून नळावर पाणी भरण्याचे काम असे. एक पोरगा आला, तो बोलताना अडखळे. सुरुवातीला थट्टा होई. मग थट्टा हाच त्या खोलीचा विरंगुळा झाला. कामावरून शिणून आलेले, बायकापोरांपासून तुटलेले, मुकादमाची बोलणी खाऊन आलेले सगळे त्याच्या मागे लागत. पाच-सहा महिन्यांत तो पेटी उचलून गावी निघून गेला. "मी बी हासायचो," अण्णा म्हणाले. "वाईट कुणी नव्हतं पोरी त्यात. पर त्याला लपायला जागा न्हवती."

आणि मग टाकीकडे बोट करून : "ह्यास्नी आडोसा न्हाई. दिसंनासं व्हायला जागा पायजे."

मुलाने त्या रविवारी कुर्ल्याच्या बाजारातून वनस्पती आणल्या : उंच पात्यांचे वॉलिस्नेरिया, लाकडावर बसणारे जावा मॉस, पृष्ठभागावर पसरणारे हॉर्नवर्ट. मत्स्यपालनाची पुस्तकेही हेच सांगतात. नरांच्या टाकीत नजर अडेल अशी दाटी हवी. पिवळा आता पात्यांमागे जातो, निळ्याला तो दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याचा पाठलाग मासे करीत नाहीत. त्याची शेपूट भरून आली.

इथपर्यंतची गोष्ट पुरुषांची. पण खोलीची हकिकत ऐकताना मी सारखी दुसऱ्या टोकाकडे पाहत होते. त्या खोलीत जे नव्हते ते सारे आमच्या गावच्या घरात होते. आईचे लग्न १९७० साली झाले. अण्णा यात्रेला आणि जमले तर दिवाळीला येत. गावात अशा पुरुषाला 'मुंबईचं माणूस' म्हणत. आईही नवऱ्याचा उल्लेख तसाच करी. तिची चार बाळंतपणे झाली. पहिल्या दोन मुलांना अण्णांनी प्रथम पाहिले ते ती बसू लागल्यावर. तिसरा मुलगा त्यांनी पाहिलाच नाही. तो तीन महिन्यांचा होऊन गेला. पत्र पोचले तेव्हा दिवस झाले होते. चौथी मी. माझा जन्म १९८२ च्या नोव्हेंबरातला. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले असंख्य गावी परतले. अण्णाही परतले होते. चार बाळंतपणांत बापाची उंबऱ्यावर हजेरी होती ती एवढ्या एकाच वेळी, तीही गिरणी बंद होती म्हणून.

मनिऑर्डर येई, हे खरे. पण पिके, गुरे, सासूसासऱ्यांची आजारपणे, मुलांचे गोवर आणि शाळा, थकून परतलेल्या दिराची सेवा हे काही मनिऑर्डरीत मावणारे नव्हते. गिरणीने अण्णांना जो पगार दिला तो एकट्या गड्याला पुरेल असा होता. तो गडी कोठे जन्मला, कोणी वाढवला, म्हातारा झाल्यावर कोण पाहील, त्याच्या जागी उद्या कामाला येणारा पोरगा कोण पोसतो आहे, याचा खर्च गिरणीच्या वहीत नव्हता. तो पाटणच्या डोंगरात, रत्नागिरीच्या वाड्यांवर, बायकांच्या नावे मांडलेला होता. दुकानदाराचे वाक्य मला इथे ऐकू येते. काम पण मिळेल आणि पिल्लांची कटकट नाही.

हे नेहमीच असे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. त्यानंतर त्यांची संख्या घसरत गेली. ज्या खात्यांत त्या काम करीत ती खाती यंत्रांमुळे आक्रसली, रात्रपाळीला त्यांना बंदी होती. आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला तेव्हा तो भार मालकावर आला, याचाही अभ्यासक या घसरणीच्या कारणांत उल्लेख करतात. कायदा स्त्रीच्या बाजूचा होता. पण जन्माचा खर्च वहीत लिहावा लागणार म्हटल्यावर ज्यांना जन्म द्यायचा नाही अशांनाच ठेवणे मालकाला सोयीचे झाले.

आपल्या शाहिरीने या ताटातुटीला मोठे रूप दिले. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. गावी राहिलेल्या बायकोचा विरह तीत महाराष्ट्रापासून तुटलेल्या मराठी मुलखाचे रूपक झाला. वर्गात ती शिकवताना मला तिची ताकद जाणवते. तरी एक गोष्ट खटकत राहते. विरह गाणारा पुरुष आहे. त्याचा रंग, त्याचा सूर आपल्यापुढे येतो. गावी राहिलेली जात्यावर काय गात होती ते सभेत आले नाही, ते पहाटेच्या अंधारात दळणाबरोबर राहिले. ओव्या संकलित झाल्या, छापल्या गेल्या, पण त्यांना फड मिळाला नाही.

मी एकदा अण्णांना विचारले, "आईला मुंबईला आणावंसं कधी वाटलं नाही तुम्हांला?"

ते टाकीकडेच पाहत होते. म्हणाले, "कुठं आणायची? खोली माझी न्हवती. पथारी माझी व्हती."

१९८६ साली वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात त्यांना नोकरी लागली आणि चाळीत भाड्याची खोली मिळाली. आई आम्हांला घेऊन ठाण्याला आली. लग्नाला सोळा वर्षे झाली होती आणि नवराबायको प्रथमच एका छपराखाली सलग राहणार होते. आई पुढे कधीतरी हसत सांगे की पहिले वर्षभर हा माणूस संध्याकाळी रोज घरी येतो याचीच तिला धास्ती वाटे. अण्णा ताट स्वतः घासून ठेवत, पथारी स्वतः गुंडाळून कोपऱ्यात उभी करत. खोलीची शिस्त अंगात भिनली होती. दोघांनाही एकमेकांशी काय बोलावे ते कळत नसे. आई जाऊन आता सहा वर्षे झाली. ती असती तर या टाकीकडे पाहून काय म्हणाली असती, हा प्रश्न माझ्या मनात येतो आणि त्याचे उत्तर मी तिच्या वतीने देऊ इच्छीत नाही.

आठवीतला मुलगा आमचे हे बोलणे कान देऊन ऐकत असतो. एके दिवशी तो म्हणाला, "मग आपण फिमेल आणू या ना. अन्याय कशाला?" त्याच्या वयाला शोभेल असा तो सरळ निष्कर्ष होता. आम्ही तिघांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. एका नराला दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर सगळे नर मिळून एकीचा छळ मांडतात. सात नरांना म्हणजे पंधरा-वीस माद्या. त्यांची पिल्ले महिन्याला शेकड्यांत. दुकानदार ती घेत नाहीत. तलावपाळीत किंवा उपवनात सोडून देणे हा अनेकांचा मार्ग असतो आणि तो सर्वांत वाईट. परमुलखातला हा चिवट मासा आपल्या तलावांतल्या मूळ माशांच्या अन्नावर आणि जागेवर पसरतो. सत्तर लिटरांत न्याय मावत नव्हता. टाकी नरांचीच राहिली.

ती तशी राहण्यात गैर आहे असे मला वाटत नाही. पण तिच्याकडे पाहताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत, असे आम्ही ठरवले आहे. पहिली, पाण्याची शांतता आपोआप येत नसते. नरांची संख्या, जागा, आडोसा आणि सर्वांत दुबळा कोण आहे यावर रोजची नजर, एवढे करावे तेव्हा ती येते. आणि तेवढे करूनही पाठलाग संपत नाही. लालबागच्या खोलीला हे सारे कोणी पुरवले नव्हते. ते तिथल्या माणसांनी आपापसांत, भजनातून, पत्रांतून, तापात डोक्यावर ठेवलेल्या हातातून उभे केले. जिथे जमले नाही तिथे एखादा पोरगा पेटी उचलून निघून गेला.

दुसरी गोष्ट, पिल्लांची कटकट नाहीशी होत नसते, ती दुसरीकडे नेलेली असते. आमच्या सात नरांचा जन्म कोठे तरी झालाच आहे. चेन्नईतील कोळत्तूर, कोलकात्याभोवतीची गावे ही शोभेच्या माशांच्या पैदाशीची मोठी केंद्रे. तिथल्या हौदांत राखी माद्या विणत असतात. रंग धरलेले नर वेचून, पिशव्यांत हवा भरून, रेल्वेने आणि विमानाने शहरांकडे रवाना होतात. त्या माद्यांची छायाचित्रे कोणत्याही दुकानाच्या फलकावर नसतात.

माजिवड्याच्या आसपास आता पुन्हा तशा खोल्या झाल्या आहेत. उंच इमारती बांधणारे, मेट्रोचे खांब उभे करणारे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. झारखंड, बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेले, बहुतेक एकटे. रात्री अकराच्या सुमारास काम सुटले की नाक्यावर त्यांचे घोळके दिसतात. प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो आणि पडद्यावर कोणीतरी लहान मूल कडेवर घेऊन उभी असते. अण्णा खिडकीतून त्यांना पाहतात. त्यांच्या काळी पत्राला आठ दिवस लागत, आता चेहरा लगेच दिसतो. एवढा फरक पडला आहे. खोली मात्र अजूनही त्यांची नाही. मूल कोठे वाढते आहे आणि कोणाच्या खर्चाने, हे अजूनही कोणत्या वहीत लिहिले जात नाही.